कार्डिगनच्या खाडीतले शिंपले: १९८७ च्या एका विषबाधेचा माग

नोव्हेंबर १९८७ च्या अखेरीस कॅनडाच्या क्वेबेक आणि न्यू ब्रन्सविक प्रांतांतल्या रुग्णालयांत अन्नविषबाधेचे रुग्ण येऊ लागले. उलट्या, पोटात कळा, जुलाब. एवढ्यावर थांबले असते तर प्रकरण तिथल्या तिथे मिटले असते. पण बऱ्याच जणांचे डोके असह्य दुखत होते, काहींना झटके आले, काही बेशुद्ध झाले. काही वयस्क रुग्णांनी तर डॉक्टरांना चक्रावून टाकले. माणूस नीट बोलतो, जुन्या गोष्टी सांगतो, प्रश्न समजून उत्तर देतो, पण थोड्या वेळापूर्वी काय घडले ते त्याला आठवत नाही.

कोणी काय खाल्ले याची विचारपूस झाली तेव्हा सगळ्यांच्या ताटात एक पदार्थ समान निघाला: प्रिन्स एडवर्ड बेटावरून आलेले निळे शिंपले. गोव्यात आणि तळकोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांचेच हे थंड पाण्यातले भाऊबंद.

समुद्रातल्या विषारी शैवालबहरांचे (सूक्ष्म शैवालांच्या एकाएकी होणाऱ्या बेसुमार वाढीचे) संशोधन कसे चालते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला मी आधी हे प्रकरण वाचायला सांगेन. इथे संशोधकांनी समुद्रापासून सुरुवातच केली नाही. त्यांनी सुरुवात केली ती शिंपल्याच्या मांसापासून, आणि विष जिकडे नेईल तिकडे ते गेले. वाटेत त्यांना असे काही सापडले जे तोपर्यंत कोणाच्याच संशयितांच्या यादीत नव्हते.

बेट, खाडी आणि हंगाम

प्रिन्स एडवर्ड बेट सेंट लॉरेन्सच्या आखातात आहे. लाल मातीचे, बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेले छोटेसे बेट. तिथे दोरांना लटकवून शिंपले वाढवण्याचा धंदा १९८० च्या दशकात नुकता जोर धरू लागला होता. बेटाच्या पूर्वेला कार्डिगन, ब्रुडनेल आणि माँटेग्यू या तीन लहान नद्यांच्या खाड्या कार्डिगन उपसागरात उघडतात. आडोशाचे संथ पाणी आणि भरपूर वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल), म्हणजे शिंपल्यांच्या शेतीला हवे ते सगळे. विषारी ठरलेला माल याच तीन खाड्यांमधून आला होता.

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याला शिंपल्यांतून होणारी विषबाधा नवी नव्हती. अलेक्झांड्रियम नावाचा एक डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारा एकपेशीय जीव) तिथे उन्हाळ्यात वाढतो आणि सॅक्सिटॉक्सिन हे लकवा आणणारे विष तयार करतो. त्यासाठी सरकारी तपासणी अनेक दशके चालू होती. म्हणजे यंत्रणा होती, माणसे शिकलेली होती, चाचणी ठरलेली होती. पण ती सगळी व्यवस्था एका ओळखीच्या शत्रूसाठी आखलेली होती, आणि नोव्हेंबर-डिसेंबर हा त्या शत्रूचा हंगाम नव्हे. पाणी गार पडलेले, बर्फ धरायची वेळ जवळ आलेली. अशा दिवसांत शिंपले निर्धास्त खावेत असाच सगळ्यांचा समज होता.

उंदराने खांदा खाजवला

ठरलेली चाचणी म्हणजे उंदीर-चाचणी. शिंपल्याचे मांस आम्लात उकळून त्याचा अर्क काढायचा, तो साधारण वीस ग्रॅम वजनाच्या उंदराच्या पोटात टोचायचा आणि घड्याळ लावून बसायचे. सॅक्सिटॉक्सिन असेल तर श्वासाचे स्नायू लुळे पडून उंदीर काही मिनिटांत मरतो. तो किती वेळात मेला यावरून विषाचे प्रमाण काढतात. चाचणी ओबडधोबड आहे, आणि प्राण्यांचा जीव घेणारी असल्यामुळे आज बहुतेक ठिकाणी तिच्या जागी रासायनिक पद्धती आल्या आहेत. पण त्या वर्षी तिने जे दाखवले ते त्या काळच्या कुठल्याही यंत्राला दाखवता आले नसते.

कार्डिगनच्या शिंपल्यांचा अर्क टोचलेले उंदीर लुळे पडले नाहीत. ते मागच्या पायाने आपला खांदा खाजवू लागले. पुन्हा पुन्हा, थांबता न येणाऱ्या घाईने. मग त्यांना झटके आले आणि ते मेले, पण सॅक्सिटॉक्सिनने मरतात त्यापेक्षा बऱ्याच सावकाशीने.

माझ्या मते या प्रकरणाचे सारे यश या एका निरीक्षणावर उभे आहे. तपासणीच्या तक्त्यात 'मेला' किंवा 'जगला' एवढेच भरायचे असते. रोज तेच काम करणाऱ्या माणसाला 'मेला' लिहून पुढच्या पिंजऱ्याकडे वळणे सहज शक्य होते. तसे झाले असते तर अहवालात सॅक्सिटॉक्सिनचा एखादा आकडा आला असता, आणि लोकांनी उन्हाळ्यातले विष हिवाळ्यात कसे आले यावर डोके फोडले असते. उंदीर कसा मेला हे कोणीतरी पाहिले आणि लिहून ठेवले. त्यामुळे दोन गोष्टी ठरल्या. हे विष वेगळे आहे, आणि ते मज्जासंस्थेला सुन्न करत नाही, उलट तिला भडकवते. रुग्णांचे झटकेही तेच सांगत होते.

बाकीचे नेहमीचे संशयित एकेक करून बाद झाले. जिवाणू आणि विषाणू यांच्याशी लक्षणे जुळेनात. जड धातू आणि कीटकनाशके तपासून झाली, हाती काही लागले नाही. डिसेंबरमध्ये शिंपल्यांची विक्री थांबली. ऐन नाताळाच्या तोंडावर एका तरुण धंद्याचे दिवाळे वाजायची वेळ आली, आणि विष कोणते हे सांगायला कोणी नव्हते.

एकशे चार तास

डिसेंबरच्या मध्याला हे काम हॅलिफॅक्स इथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अटलांटिक प्रयोगशाळेकडे आले. तिथे समुद्री शैवालांच्या रसायनशास्त्रावर काम करणारी माणसे होती. जेफ्री राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मत्स्यविभागाच्या तज्ज्ञांबरोबर दिवसरात्र काम करून १०४ तासांत विष ओळखले. हा आकडा या क्षेत्रात आजही आदराने सांगितला जातो. मला मात्र वेगापेक्षा त्या कामाचा क्रम अधिक शिकण्यासारखा वाटतो.

त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. पहिला म्हणजे माहीत असलेल्या विषांची यादी घेऊन एकेकाची चाचणी करत जायचे. हा रस्ता सोपा वाटतो, पण यादीत नसलेले विष तो कधीच दाखवत नाही. त्यांनी दुसरा रस्ता घेतला. विषारी शिंपल्यांचा अर्क घ्यायचा, त्याचे दोन भाग पाडायचे आणि दोन्ही उंदरांवर तपासायचे. ज्या भागाने उंदीर खांदा खाजवतो तो ठेवायचा, दुसरा बाजूला सारायचा. ठेवलेल्या भागाचे पुन्हा विभाजन, पुन्हा उंदीर. असे करत विषाला एवढे एकटे पाडायचे की शेवटी त्याच्याबरोबर दुसरे काही उरू नये.

याच्या जोडीला त्यांनी एक शिस्त शेवटपर्यंत पाळली. दुसऱ्या ठिकाणचे, खात्रीने चांगले शिंपले घेऊन त्यांच्यावरही हीच प्रत्येक पायरी केली. शिंपल्याच्या मांसात हजारो रसायने असतात. एखादे रसायन विषारी मालात दिसले म्हणून तेच विष ठरत नाही, ते चांगल्या मालात नाही हेही दिसावे लागते. कुठल्याही घाईच्या कामात ही जोडचाचणी पहिली गळते. इथे ती गळली नाही.

पहिल्या पायरीला अर्क सेंद्रिय द्रावकाबरोबर घुसळला. विष पाण्याच्या थरात राहिले, म्हणजे तेलात विरघळणारी सारी रसायने एका फटक्यात बाहेर गेली. मग राळेच्या स्तंभातून गाळणी झाली, कागदावर उच्च विद्युतदाबाखाली घटक वेगळे केले गेले, आणि शेवटी द्रव क्रोमॅटोग्राफी, म्हणजे द्रवाच्या प्रवाहात मिश्रणाचे घटक वेगवेगळे करण्याची पद्धत. तिथे २४२ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात एक ठळक शिखर उठले. चांगल्या शिंपल्यांच्या आलेखात त्या जागी काही नव्हते. वेगळ्या झालेल्या त्या पदार्थाची रेणूरचना वस्तुमान वर्णपटाने आणि चुंबकीय अनुस्पंदनाने उलगडली: रेणूभार ३११, प्रोलिन या अमिनो आम्लाच्या घराण्यातले एक आम्ल. नाव डोमोइक आम्ल.

आणि इथेच मोठी अडचण उभी राहिली. डोमोइक आम्ल जगाला माहीत होते, पण औषध म्हणून. जपानच्या दक्षिणेकडच्या तोकुनोशिमा बेटावर 'दोमोई' नावाचे लाल शैवाल जंतांवर देत असत. कोंड्रिया अर्माटा हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्यातून १९५८ मध्ये जपानी संशोधकांनी हे आम्ल वेगळे केले होते. लहान मुलांना ते जंतांवर दिले गेले होते आणि वीस मिलिग्रॅमच्या मात्रेने त्यांना काही अपाय झाल्याची नोंद नव्हती. मग त्याच पदार्थाने माणसे मरतील कशी? खरे विष त्याला चिकटून येणारे दुसरेच काही असेल तर?

ही शंका रास्त होती आणि त्यांनी ती झटकून टाकली नाही. शुद्ध डोमोइक आम्ल उंदरांना टोचले: तेच खाजवणे, तेच झटके. मग शिंपल्यात हे आम्ल किती आणि तेवढ्या आम्लाने उंदरावर किती परिणाम व्हायला हवा याचा हिशेब मांडला. अर्काचा सगळा विषारीपणा त्या एकाच पदार्थाने भरून निघत होता. दुसऱ्या विषाला जागा उरत नव्हती. उरलेले कोडे मात्रेनेच सुटले. काही शिंपल्यांत किलोमागे ९०० मिलिग्रॅमपर्यंत डोमोइक आम्ल निघाले. असे शंभर ग्रॅम मांस खाल्ले की ९० मिलिग्रॅम पोटात जाते, म्हणजे जपानी मुलांच्या मात्रेच्या साडेचार पट. शिजवूनही ते कमी होत नाही, उष्णतेला ते दाद देत नाही.

ज्याला सगळे निरुपद्रवी समजत होते

शिंपला स्वतः हे आम्ल तयार करत नाही. तो तासाला लिटरभर तरी पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म शैवाल खातो. म्हणून पुढचा प्रश्न होता शिंपल्याच्या पोटात काय आहे. विष मुख्यतः पचनग्रंथीत साचलेले होते आणि तिथे एकाच जिवाची गर्दी होती. सुईसारख्या लांब पेशी, टोकाला टोक किंचित चढवून साखळीत जोडलेल्या. तो नित्झ्शिया पंजन्स नावाचा डायाटम होता. उपसागरातल्या पाण्यातही त्याचाच बहर होता, जवळजवळ एकाच जातीचा.

हे पचायला जड होते. डायाटम म्हणजे सिलिकाच्या कवचातले एकपेशीय शैवाल. समुद्रातल्या अन्नसाखळीचा पाया म्हणून पाठ्यपुस्तकांत त्याचे कौतुक असते, आणि शिंपल्यांसाठी तर तो उत्तम चारा मानला जातो. विषारी बहर म्हटले की सगळे डायनोफ्लॅजेलेटकडे पाहत. एखादा डायाटम माणसाला मारू शकतो असे त्याआधी कोणी दाखवले नव्हते. डोमोइक आम्ल मोठ्या लाल शैवालांतच सापडलेले असल्यामुळे, खाडीच्या तळाशी वाढणाऱ्या तसल्या एखाद्या शैवालावर आधी संशय जाणे स्वाभाविक होते.

बहराच्या जागी सापडला म्हणून डायाटमला दोषी धरणे पुरेसे नव्हते. त्याची एक पेशी वेगळी काढून, प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात वाढवून, तिथे तो हे आम्ल तयार करतो हे दाखवावे लागणार होते. हे दोन गटांनी दाखवले. डार्टमथच्या बेडफर्ड समुद्रविज्ञान संस्थेतले डी. व्ही. सुब्बा राव यांनी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये संवर्धनातल्या डायाटमने डोमोइक आम्ल केल्याचे प्रसिद्ध केले. मत्स्यविभागाचे स्टीफन बेट्स आणि त्यांच्या गटाने १९८९ मध्ये कार्डिगनच्या बहराचा आणि संवर्धनाचा सविस्तर पुरावा मांडला. पुढे कळले की या डायाटमचे दोन प्रकार आहेत, आणि कार्डिगनचा होता तो 'मल्टिसिरीज'. कवचावरच्या बारीक छिद्रांच्या ओळी मोजल्या तरच दोघे खात्रीने वेगळे कळतात, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आज त्याला स्यूडो-नित्झ्शिया मल्टिसिरीज म्हणतात. या वंशात पन्नासहून अधिक जाती नोंदल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास जातींत विष सापडले आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सुई विषारी की बिनविषारी हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही.

रुग्णांनी दिलेली माहिती

आजाराच्या ठरवलेल्या व्याख्येत १०७ रुग्ण बसले. जेवणानंतर लक्षणे सुरू व्हायला साधारण साडेपाच तास लागले. तीन-चतुर्थांश जणांना उलट्या झाल्या, चौथा हिस्सा रुग्णांची नवी स्मरणशक्ती बिघडली. १९ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, त्यांतल्या १२ जणांना अतिदक्षता विभागात. तीन जण दगावले, चौथा रुग्ण काही महिन्यांनी गेला. तरुणांना पोटाचा त्रास जास्त झाला, वृद्धांना मेंदूचा. डोमोइक आम्ल मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे वयाने किंवा आजाराने थकली होती त्यांच्या शरीरात ते रेंगाळले.

मेंदूत काय घडले ते शवविच्छेदनातून कळले. हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला या भागांतल्या चेतापेशी मेल्या होत्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे नवी आठवण जिथे रुजते ती जागा. डोमोइक आम्लाची रचना ग्लुटामेट या मेंदूतल्या उत्तेजक रसायनासारखी आहे. ते ग्लुटामेटच्या जागी बसते आणि सुटत नाही, पेशी अखंड भडकलेली राहते, तिच्यात कॅल्शियम शिरत राहते आणि ती मरते. उंदराचे खाजवणे, रुग्णाचे झटके आणि हरवलेली स्मृती, तिन्हीच्या मुळाशी हेच होते. वाचलेल्या काही रुग्णांची स्मृती परत आलीच नाही. एका वृद्ध रुग्णाला वर्षभराने अपस्मार जडला.

याच रुग्णांमुळे जगाला एक सुरक्षित मर्यादा मिळाली, आणि ती कशी मिळाली हे मला फार मोलाचे वाटते. काही घरांत जेवणातले शिंपले उरले होते. ते तपासले, कोणी किती खाल्ले ते विचारले, आणि प्रत्येकाच्या पोटात किती विष गेले असावे याचा अंदाज बांधला. आजारी पडलेल्यांनी साधारण ६० ते २९० मिलिग्रॅम घेतले होते. त्यावरून कॅनडाने किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आणि पुढे ती युरोप-अमेरिकेतही रूढ झाली. त्या मर्यादेवरच्या शिंपल्यांचे पाव किलो मांस कोणी खाल्ले तरी पोटात पाच मिलिग्रॅम जाते, सर्वांत कमी विष घेऊन आजारी पडलेल्याच्या बाराव्या हिश्शाएवढे. कुठल्याही नीतिमंडळाने माणसांवर असा प्रयोग करू दिला नसता. तो घडून गेला होता, आणि त्याची नोंद नीट ठेवली गेली म्हणून त्या माणसांचे सोसणे वाया गेले नाही. १९८७ नंतर या विषाने माणूस दगावल्याची पुष्ट नोंद नाही.

विष कधी तयार होते?

विष कोणते, याचे उत्तर चार-साडेचार दिवसांत मिळाले. डायाटम ते का आणि केव्हा तयार करतो, यावर पस्तीस वर्षांहून अधिक काळ काम चालू आहे.

१९८७ च्या बहराबद्दल एक मांडणी अशी झाली की कोरड्या उन्हाळ्यानंतर आलेल्या पावसाळी शरदाने जमिनीवरची पोषकद्रव्ये एकदम खाड्यांत उतरवली. पुढच्या १९८८ आणि १९८९ च्या शरदातही कार्डिगनमध्ये बहर आला, पण उतरत्या प्रमाणात. प्रयोगशाळेत दिसले की पेशी जोमाने वाढत असताना विष फारसे करत नाहीत. सिलिकेट किंवा फॉस्फेट संपून वाढ थबकली, आणि तरी प्रकाश व नायट्रोजन हाताशी असले, की डोमोइक आम्ल साचू लागते. बेट्स यांच्या गटाने हेही दाखवले की संवर्धनात जिवाणू असतील तर विष वाढते. म्हणजे एकट्या डायाटमचा अभ्यास करून भागत नाही, त्याची संगतही पाहावी लागते. वर्षानुवर्षे बाटलीत वाढवलेला डायाटम लहान होत जातो आणि विष करणे सोडतो. त्यामुळे जुन्या बाटलीतल्या निष्कर्षांवरून समुद्राबद्दल बोलताना जपावे लागते. २०१८ मध्ये हे आम्ल बनवणाऱ्या जनुकांचा गट सापडला. आता पाण्यातल्या बहराची ती जनुके चालू आहेत की बंद, हे पाहता येते. बहर किती मोठा आहे यापेक्षा तो विष करतो आहे का, हा प्रश्न अखेर थेट विचारता येऊ लागला.

दुसऱ्या किनाऱ्यावर

विषाचे नाव कळल्यावर इतर ठिकाणची कोडी उलगडू लागली. सप्टेंबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात पाणकोळी आणि पाणकावळे मरू लागले. त्यांनी खाल्लेल्या छोट्या माशांत डोमोइक आम्ल सापडले. त्याच उपसागराच्या काठी ऑगस्ट १९६१ मध्ये हजारो समुद्रपक्षी दिशाहीन होऊन घरांवर आदळले होते. त्या काळचे प्राणीप्लवकांचे, म्हणजे शैवाल खाणाऱ्या तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांचे, नमुने कोणीतरी जपून ठेवले होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या प्राण्यांच्या पोटात विषारी स्यूडो-नित्झ्शिया निघाला. अर्ध्या शतकापूर्वी बाटलीत भरलेल्या पाण्याने साक्ष दिली. नमुने साठवून ठेवण्याच्या कंटाळवाण्या कामाला निधी मिळत नाही, तेव्हा ही हकिकत सांगावी.

१९९८ ची घटना मात्र कार्डिगनच्या धड्यालाच दुरुस्त करणारी आहे. मे-जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर चारशेहून अधिक समुद्रसिंह मेले. त्यांना झटके येत होते, आणि त्यांच्या शरीरद्रवांत डोमोइक आम्ल सापडले. विष आले होते अँकोव्ही माशांमधून. पण त्याच काळात त्याच किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्यांत विष नव्हते, किंवा नावापुरते होते. १९८७ पासून सगळी तपासणी शिंपल्यांवर बेतलेली होती, आणि शिंपले 'सारे ठीक' म्हणत असताना विष दुसऱ्या वाटेने अन्नसाखळीत चढले होते. सॅक्सिटॉक्सिनसाठी आखलेली तपासणी जशी १९८७ मध्ये तोकडी पडली, तशीच शिंपल्यांची तपासणी अकरा वर्षांनी तोकडी पडली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असामान्य गरम झालेल्या पाण्यात या वंशाचा फार मोठा बहर आला, तेव्हा खेकड्यांची मासेमारी लांबवावी लागली. म्हणजे खेकड्यांनाही यादीत धरावे लागते.

आपल्या किनाऱ्याचा प्रश्न

अरबी समुद्राला बहर नवे नाहीत. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याजवळ खोलचे पोषक पाणी वर येते. रात्री पाणी चमकवणाऱ्या नॉक्टिल्युका या सूक्ष्म जिवाच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतात. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या आधाराने शैवालबहरांची माहिती देते, आणि ते चांगले काम आहे. पण उपग्रहाला हरितद्रव्य दिसते, विष दिसत नाही. नॉक्टिल्युकाचा बहर डोळ्यांत भरतो, पण त्याने शिंपल्यांतून माणसाला विषबाधा होत नाही. त्याचा उपद्रव ऑक्सिजन घटवण्याचा आणि माशांचे खाद्य बिघडवण्याचा. उलट सॅक्सिटॉक्सिन किंवा डोमोइक आम्लाचा धोका पाण्याचा रंग न बदलताही असू शकतो.

शिंपल्यांतल्या विषाने आपल्याकडेही माणसे गेली आहेत. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळातल्या विळिंजमला शिंपले खाऊन सात जणांचा मृत्यू झाला, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ते लकवा आणणाऱ्या विषाचे प्रकरण मानले जाते. स्यूडो-नित्झ्शिया वंशातल्या जाती भारतीय पाण्यातही नोंदल्या गेल्या आहेत. खडकावरून खरवडून आणलेले शिनाणे आणि खाडीतल्या तिसऱ्या सकाळी निघतात आणि दुपारी ताटात असतात. मधे प्रयोगशाळा येत नाही. निर्यातीच्या मालाला परदेशी ग्राहकाचे नियम असतात. गावच्या बाजारातल्या वाट्याला तसे काही नसते.

मी सर्वांत आधी जे मागेन ते फार खर्चाचे नाही. रत्नागिरी, मालवण, पणजी, कारवार अशा ठिकाणांहून पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत दर पंधरवड्याला शिंपल्यांचे मांस आणि पाण्याचा नमुना घ्यावा, मांस विषासाठी तपासावे, आणि नमुन्याचा अर्धा भाग गोठवून साठवावा. मांसाबरोबर बांगडा-तारली खाणाऱ्या पक्ष्यांच्या सामूहिक मृत्यूंची नोंदही तपासणाऱ्यांकडेच पोहोचावी, कारण १९९१ मध्ये खबर पक्ष्यांकडून आली होती. किनाऱ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना उलट्यांबरोबर ओठ बधिर होणे, झटके येणे किंवा ताजी गोष्ट न आठवणे यांचा अर्थ सांगून ठेवावा. आणि असा रुग्ण आला तर त्याच्या घरच्यांना पहिला निरोप द्यावा: भांड्यात उरलेले कालवण आणि कच्चे शिंपले फेकू नका, पिशवीत बांधून बर्फात ठेवा, कोणी किती खाल्ले ते कागदावर लिहा आणि दोन्ही इकडे आणून द्या.